अकरा नंबरचं पित्ताशय

आज मिरजेत ओपीडी संपायला दुपारचे चार वाजले. डबा उघडतोय तेवढ्यात आमचा ज्युनिअर सर्जन म्हणाला, "सर, त्या अकरा नंबरच्या पित्ताशयाचं काय करायचं?" अकरा नंबरला जतच्या एक आजी आहेत. वर्षापूर्वी हाच पोरगा पेशंटच्या नातवंडांची नावंसुद्धा लक्षात ठेवायचा. आज भाकरीचा एक तुकडा मोडून नुसता हातात धरून बसला होता.

नुसता दमलेला माणूस झोपला की ताजातवाना होतो. बर्नआउट झालेला झोपूनही दमलेलाच उठतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आयसीडी-११ या आजार व आरोग्य-समस्यांच्या जागतिक यादीत याची तीन लक्षणं धरली: अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. पित्ताशयाचं वाक्य दुसऱ्यात बसतं. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणी साचलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. म्हणजे इलाज आधी ड्युटी लिस्टवर करायला हवा. योगा करा, कृष्णाकाठी फिरा, सगळं मान्य. पण सलग छत्तीस तास ड्युटी करून आलेला फिरणार कधी? (सांगणारेही फिरत नाहीत, ते सोडा.)

"आजची नाईट मी बघतो. रविवारी फोन बंद ठेव," म्हटलं. आधी नाही नाही म्हणाला, मग बराच वेळ बोलत राहिला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्याला सेव्ह करायला लावलाय. मोफत आहे, चोवीस तास चालू, मराठीतही बोलतात. डॉक्टरांनाही चालतो.