समोर कोणी दिसत नसताना

ऑनलाइन सेशन संपलं की कुणीतरी विचारतंच, "कॅमेरे बंद, माणसं अनोळखी, तरी तुम्ही सूर कसा जुळवता हो?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पण दर वेळी जुळतो, हे तुम्हीच धरून चाललाय.

सुरुवातीचे विनोद, हजेरी घेतल्यासारखी ओळख, "ऐकू येतंय ना सगळ्यांना?" असं सगळं करून झालंय. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर तेच देतात ज्यांना ऐकू येतंय. हे मला कळायला एक सेशन नासावं लागलं.

सत्तरेक लोक होते. अर्धा वेळ सरल्यावर मी एक प्रश्न विचारला. शांतता. मनात तीनपर्यंत मोजलं असेल-नसेल, मी यादीतलं एक नाव उचललं आणि म्हटलं, "तुम्ही सांगा बरं." पुन्हा शांतता. मग मी हसत म्हणाले, "असू दे, त्यांची झोप नको मोडायला." चार-पाच हसऱ्या इमोजी वर तरंगत गेल्या. वाटलं, चला, जमली मैफल! पुढची स्लाईड लावली.

तेवढ्यात त्याच नावाने चॅटमध्ये उत्तर आलं. माझ्या प्रश्नाचं. नेमकं, उदाहरणासकट. खाली आणखी एक ओळ होती: "मला ऐकू येत नाही, मी कॅप्शन वाचते. ती मागून येतात. झोपेचंही आत्ताच वाचलं."

मी माफी मागितली. तीही तिच्यापर्यंत मागूनच पोचणार होती. तोवर गप्प बसायचं, तर मी स्वतःची बाजू मांडत बोलतच सुटले आणि माफी त्या बडबडीत वाहून गेली.

आयोजकांनी आधी सांगायला हवं होतं, असं मी बरेच दिवस म्हणत होते. अजूनही म्हणते. पण सांगितलं नव्हतं म्हणून टोमणा मारायची मुभा होती का?

दहा भाषांतल्या गप्पांचा २००९ सालचा एक अभ्यास आहे. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम एक पंचमांश सेकंद जातो, असं त्यात निघालं. कानाला सवय ती. मग तीन सेकंदांची शांतता अपमानासारखी लागते. इंटरनेटवर आवाज सेकंदभर उशिरा पोचला, तर लोक लाईनला नाही, समोरच्या माणसालाच तुटक ठरवतात, असंही एका प्रयोगात दिसलंय. मी वेगळं काय केलं? इथे तर वाचायचं, विचार करायचा, टाईप करायचं.

आता प्रश्न आधी चॅटमध्ये लिहिते, मग बोलते. नाव घेऊन कुणाला उठवत नाही. पाणी पिते, थांबते. माझ्यातली जुनी वक्ता कुरकुरते, "एवढ्या वेळात निम्मे लोक मेल बघायला गेले." तिचं अगदीच चूक नाही. गेल्या आठवड्यात ग्लास रिकामा झाला तरी एक अक्षर आलं नाही. लोक लिहीत होते, कंटाळले होते की उठून गेले होते, काय माहीत. मी पुढे सरकले.

आणि ती बाई त्या दिवशी शेवटपर्यंत थांबली का, हेही विचारतात. यादीत बघता आलं असतं. मी बघितलं नाही.