पद्मिनी घेऊन आंबेनळी घाटात

पुण्याहून वाई, पाचगणी, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि माणगाव-ताम्हिणीतून परत, असा फेरा १९७८ च्या प्रीमियर पद्मिनीने केला. सोबत आतेभाऊ आणि डिक्कीत सामानापेक्षा दुरुस्तीची हत्यारंच जास्त. निघण्यापूर्वी प्रत्येकाने एकच विचारलं, "चढेल का रे?" विचारायला हवं होतं ते "उतरेल का?" १०८९ सीसीचं, चाळीसेक अश्वशक्तीचं इंजिन घाट चढतं, सावकाश चढतं इतकंच. चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून 'शू' दाबून थांबवणारे) असलेली गाडी आंबेनळीतून खाली आणणं हे खरं काम.

निघालो उजाडायच्या आत. पहाटेच्या रम्य वातावरणाचं कौतुक मला फारसं नाही, पण उन्हाच्या आत खंबाटकी आणि पसरणी पार झालेले बरे. पद्मिनीचा इंजिन थंड ठेवणारा पंखा पट्ट्यावर, इंजिनच्या गतीनेच फिरतो. ट्रकामागे रांगत गेलात की पंखाही रांगतो आणि तापमानाचा काटा वर सरकू लागतो. ट्रकांची रांग लांब असेल तर सरळ बाजूला थांबा, ती पुढे जाऊ द्या. मागच्याने हॉर्न वाजवला म्हणून गाडी रेटायची नाही.

पसरणीत वळणावर वेग गेला की हात पहिल्या गिअरकडे जातो. स्टिअरिंगवरच्या गिअरच्या पद्मिनीत पहिल्याला सिंक्रो (गिअर पडताना दात्यांचा वेग जुळवणारी सोय) नाही, त्यामुळे चालत्या गाडीत तो कर्रकन ओरडतो. वळणाच्या आधीच दुसरा टाकून ठेवावा. पहिला लागणारच असेल तर गाडी जवळपास उभी करूनच टाकावा.

पाचगणीच्या अलीकडे वाहनांच्या रांगेत गाडी उचक्या देऊन बंद पडली. टाकीत पेट्रोल होतं, ठिणगीही होती. इंजिनला चिकटून बसवलेला पेट्रोल ओढणारा पंप तापला, की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच ओढत बसतो. रस्त्याकडेला कणसं भाजणारे एक काका स्वतःहून उठून आले. ते मुंबईत वर्षानुवर्षं पद्मिनीच टॅक्सी चालवायचे. "दादा, पंपाला ओलं फडकं गुंडाळा, न् कणीस खात गप बसा." तसंच केलं, गाडी सुरू झाली. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गेली, पण ते शिक्षण सातारा जिल्ह्यात शाबूत आहे. पाण्याची बाटली आणि सुती फडकं हाताशीच ठेवा, डिक्कीच्या तळाशी नको.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायाफ्राम, म्हणजे आतला लवचीक पडदा, त्याने फुगतात, मग चिरतात. निघण्यापूर्वी सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या करून घेतल्या होत्या आणि पंपाचं दुरुस्ती किट बरोबर होतं. त्याखेरीज ठिणगीसाठी लागणारे पॉइंट, कन्डेन्सर आणि रोटर, पंख्याचा पट्टा, फट मोजायचं फीलर गेज आणि ब्रेक ऑइल. हे सगळं पुण्यात नाना पेठेत मिळतं, पण कन्डेन्सर दोन घ्या. नवा कन्डेन्सर डब्यातून काढल्या काढल्या दगा देतो, हे जुन्या गाडीवाल्यांना नव्याने सांगायला नको.

महाबळेश्वरला मुक्काम करून सकाळी आंबेनळीत उतरलो. पोलादपूरपर्यंत जेमतेम चाळीस किलोमीटर, पण प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे वळणांना खंड नाही. ड्रम ब्रेक सतत दाबून धरले की ड्रम तापून फुगतो, शू घसरायला लागतात. पाय तोच, जोर तोच आणि गाडी मात्र थांबत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते जुनं असेल तर उकळतं आणि पेडल पार खाली जातं. ते दर दोन वर्षांनी बदलाच. उतरायचं दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर. ब्रेक थोडा वेळ नीट दाबून वेग तोडायचा आणि पूर्ण सोडायचा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणाऱ्यांनी या रस्त्याला येऊ नये. कुंभरोशीला थांबलो तेव्हा चाकांपाशी करपट वास येत होता. चहा होईपर्यंत तो गेला आणि मगच पुढे निघालो. पावसाळ्यात हा घाट टाळा, दरडी येतात.

मग पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक का लावत नाही, असं आतेभावाने विचारलं. लावतात लोक, दुसऱ्या गाडीचं हब जुळवून. मी थांबलो आहे, कारण २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंद मिळते, पण ती मूळ रूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. अर्थात त्या नोंदीची घाईही नको, कारण मग गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच बाहेर काढता येते. असली भटकंती करायची तर नेहमीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवत राहणं सोयीचं. इंजिन बदलणं किंवा गॅस किट घालणं आरटीओत नोंदवल्याशिवाय करूच नये.

म्हणून मी उलटवता येतील तेवढेच बदल केलेत. हेडलाइटना रिले (स्विचच्या इशाऱ्यावर दिव्यांना थेट करंट देणारे) लावले, त्यामुळे सगळा करंट बिचाऱ्या जुन्या स्विचमधून जात नाही आणि उजेड स्पष्ट वाढला. रेडिएटरसमोर छोटा विजेचा पंखा आहे, तो गर्दीतच चालू करतो. रुंद टायर, मोठा स्टिरिओ यांवर पैसे घालणाऱ्यांनी आधी किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) ग्रीस किती महिन्यांत मारलं ते आठवावं.

ताम्हिणीचा चढ त्यामानाने सोपा, ढगाळ हवेत काटा मध्यावरून हललाही नाही. पेट्रोल मात्र माणगावलाच भरून घ्या, घाटात पंप शोधत बसू नका. घरी आल्यावर मिस्त्रींनी ड्रम उघडले. पुढचे शू तापून गुळगुळीत होऊन चकाकत होते, ते घासून, अॅडजस्ट करून परत बसवले. मागचे नव्यासारखे होते.