भिकूला गोळी लागली तेव्हा

जळगावच्या एका थिएटरात मी ऑपरेटर आहे. पूर्वी रिळांचे डबे उचलले, आता सर्व्हर सांभाळतो. मुंबईच्या गँगवॉरवरचा 'सत्या' हा पिक्चर मी दोन्ही काळांत दाखवला. १९९८च्या जुलैत तो पहिल्यांदा लागला तेव्हा, आणि १७ जानेवारी २०२५ला पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हाही. सांगायचंय ते दुसऱ्या वेळच्या रात्रीच्या शोचं.

पुढे कॉलेजची पोरं होती. मनोज वाजपेयीचा भिकू म्हात्रे दिसला रे दिसला की शिट्ट्या. मधल्या रांगेत मफलर गुंडाळून एकटेच बसलेले एक रिटायर हवालदार, आमचे जुने प्रेक्षक. इंटरव्हलला पोरं म्हणत होती, "भो, यात मारामारी कमीच आहे. आजकाल केवढं रक्त दाखवतात!"

मग भाऊ ठाकुरदास या पुढाऱ्याचा प्रसंग आला. निवडणूक जिंकल्याचा जल्लोष, आणि अचानक भिकूच्या डोक्यात गोळी. केबिनच्या काचेतून मला पुढच्या रांगा दिसतात. एक पोरगा तोंडात बोटं घालून शिट्टीच्या तयारीत होता; त्याची बोटं तिथंच राहिली.

शो सुटल्यावर पायऱ्यांवर वाद पेटला. "एवढा मोठा गडी, लढू तरी द्यायचं ना त्याला!"

हवालदार थांबले. "आसंच मरस मानूस, भाऊ. लढाले येळच भेटत नही."

मग पंचनाम्यांचं सांगू लागले. चपलासुद्धा लिहाव्या लागायच्या. एक प्रेताजवळ, दुसरी कुठंतरी लांब. ओळख पटवायला घरच्यांसमोर तीच धरायची.

मला त्यांचंच पटलं. १९९८मध्ये कॅसेट कंपनीचे मालक गुलशन कुमार यांच्या मुंबईतल्या खुनाला वर्षही झालं नव्हतं. लोक बाहेर पडताना पेपरातल्या बातम्यांशी पिक्चर ताडून बघत, काही तर घाबरलेले असत. आताची पोरं तो दुसऱ्या पिक्चरांशी ताडतात, म्हणून त्यांना रक्त कमी वाटतं. यात त्यांचा दोष नाही, त्यांच्यासमोर तेवढंच आलंय. पण खून बघून पोटात गोळा आला नाही, तर दाखवणाऱ्याचं काहीतरी चुकलंय, असं मी ठामपणे म्हणेन.

त्यांतला एक मात्र शेवटपर्यंत मानेना. "दिवसभराची कटकट विसरायला येतो आम्ही, हे बघायला नाही." हवालदारांनी त्याच्यासाठीही चहा सांगितला, आणि वाद टपरीवर पुढे सुरू झाला.