अलिबाग, नवगाव आणि आमचे खापरपणजोबा

किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. आम्हा बेने इस्राएलींच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, आडनावांवरून रायगड जिल्ह्याचा नकाशा काढता येईल. या गावांच्या आधीचं मात्र सगळं ऐकीव. कोकणच्या किनाऱ्याला एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, समुद्राने बाहेर टाकलेली प्रेतं नवगावला पुरली. ते कधी घडलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणून मी शोध खापरपणजोबांपासून सुरू केला.

कागद बघायला बसलं की आधी नावं अडवतात. एझेकिएलचे हसाजी होतात, सॅम्युअलचे सामाजी. १७९६ साली मुंबईत आमचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, बांधणारे सॅम्युअल एझेकिएल दिवेकरही लोकांसाठी सामाजी हसाजीच होते. खापरपणजोबांचं केतुब्यात, म्हणजे लग्नाच्या करारात, हिब्रू नाव आणि पलटणीच्या कागदात मराठी. वडिलांचं नाव आणि गाव दोन्हीकडे जुळलं, तेव्हा कुठे माणूस एकच असल्याची खात्री पटली.

आत्या अश्दोदहून आली होती, तिला घेऊन भाऊच्या धक्क्यावरून रोरो बोटीने मांडवा गाठलं. तिचा जन्म अलिबागच्या इस्राएल आळीतला. मागेन आबोथ सिनेगॉगच्या दारात ती बराच वेळ उभी राहिली आणि मग आळीत कोणाचं घर कुठे होतं ते हात करून दाखवत गेली. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून पूर्वी आम्हाला 'शनिवार तेली' म्हणायचे, हे मला पुस्तकातून माहीत. तिने ते आजीच्या तोंडून ऐकलेलं.

कबरस्थानात गवत कमरेएवढं. दगडांवर वर हिब्रू, खाली मराठी. काहींचं मराठी पावसाने पुसत आलंय, पण खोदलेली हिब्रू अक्षरं बोटाने चाचपता येतात. सालही त्या अक्षरांतच असतं. प्रत्येक अक्षराला किंमत आहे. तव म्हणजे ४००, रेश २००, मेम ४०, बेत २. बेरीज ६४२. त्यात १२४० मिळवले की १८८२. (हिब्रू वर्ष शरदात बदलतं, त्यामुळे १८८१ही असू शकतं.) आत्या अक्षरं वाचत होती, मी बेरीज करत होते. खाली मराठीत सुभेदार आणि वडिलांचं नाव, केतुब्यातलंच! आत्याने खडा उचलून कबरीवर ठेवला, मीही ठेवला.

दुसऱ्या दिवशी नवगाव. तिथे नावं नाहीत, साल नाही. परंपरेप्रमाणे पुरुषांचा एक उंचवटा, बायकांचा एक, आणि अलीकडे उभारलेला स्मारकस्तंभ. केतुबा नाही, पलटणीचा कागद नाही, तरी मला ही जागा अलिबागच्या दगडाइतकीच आमची वाटली. आमच्याकडचा लिखित पुरावा फार तर दोन-तीनशे वर्षं मागे जातो. त्यामागचं इथल्या मातीत आहे.

अलिबागच्या त्या दगडांची मात्र काळजी वाटते. १९४८नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली; वाचणारेच उरले नाहीत, तर पुसलेली ओळ पुन्हा कोण ओळखणार? आम्ही रांगेने फोटो काढले, मराठी मजकूर वहीत उतरवला, आणि आत्या अश्दोदमधल्या म्हाताऱ्यांना तो वाचून दाखवणार आहे. कोणाला आपला माणूस सापडला तर तिने मला लगेच फोन करायचा, असं ठरलंय. पाऊस लागायच्या आत रेवदंड्याचं कबरस्थान करायचं आहे.