पुस्तकातला कोड

"पुस्तकात छापलंय न काका, म्हणजे माझंच काहीतरी चुकून राहिलं असन."

सीताबर्डीवरून आणलेलं सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं जुनं पुस्तक मांडीवर, लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू. शेजारची पोरगी अक्षर न् अक्षर ताडून पाहत होती. एरर एकच : 'कोनिओ डॉट एच' ही फाइल सापडत नाही.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. ती फाइल टर्बो सी या 1987 च्या, डॉस या जुन्या सिस्टीमवरच्या कंपायलरसोबत (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करून देणाऱ्या प्रोग्रॅमसोबत) यायची. सी-च्या स्टँडर्डमध्ये ती कधीच नव्हती. ती फाइल मागवणारी ओळ अन् तिच्यातल्या क्लिअरस्क्रीन, गेटसीएच या आज्ञा काढल्या, प्रोग्रॅम चालला.

पोरगी खूश. मला मात्र राग आवरेना. कोणता कंपायलर लागतो, एवढं पहिल्या पानावर छापायला काय जातं? अशी किती पोरं स्वतःलाच ढ समजून हे सोडून देत असतील?