चौदा दिवे, चौदा पाले: कोलकात्याची भूत चतुर्दशी

कालीपूजा बघायला कोलकात्यात येणारे बरेच जण थेट अमावास्येला उतरतात आणि आदली भूत चतुर्दशी हुकवतात. तिथी आपल्या नरक चतुर्दशीचीच. पण आपलं अभ्यंगस्नान पहाटेच्या चतुर्दशीवर ठरतं, इथले दिवे संध्याकाळच्या. एखाद्या वर्षी तारखा वेगळ्या पडतात, म्हणून तिकीट काढण्याआधी बंगाली पंचांग बघा.

आज चौदा पिढ्यांचे पूर्वज घरी येतात आणि नको ती भुतंही मोकाट सुटतात, अशी समजूत. शाकचुन्नी, ब्रह्मदैत्य, माशांना हपापलेलं मेछो भूत, बंगालात भुतांना तोटा नाही!

दिवसाची सुरुवात मात्र बाजारात होते. सियालदहजवळच्या कोले मार्केटात मी सकाळीच शिरलो. या दिवशी चौदा पालेभाज्या एकत्र करून खातात; चिरून एकत्र केलेला हा ‘चोद्दो शाक’ तयार मिळतो, पण त्यात बहुधा पालक, लाल माठ, मायाळू असलं नेहमीचंच असतं. सोळाव्या शतकातले बंगाली धर्मशास्त्रकार स्मार्त रघुनंदन यांची यादी वेगळी: सुरण, पेव, चाकवत, कासविंदा, मोहरी, कडुनिंब, जयंती, शालिंच, गुळवेल, परवलाचा पाला, भांट, हेलेंचा, शुषनी, शेपू. अर्धी यादी तळ्याकाठची नाहीतर कुंपणावरची, त्यामुळे शहरात चौदाही जमणं कठीण. सुट्या जुड्या घ्या, म्हणजे काय खातोय ते तरी कळेल.

पाला धुतलेलं पाणी घरभर शिंपडतात. कडुनिंब आणि गुळवेल चार-पाच पानंच घ्यावीत, नाहीतर सगळी भाजी कडू होते. सुरणाचा पाला कोवळाच हवा. तो वेगळा उकडून पाणी फेकायचं, कच्चा राहिला तर घसा खाजतो. मग मोहरीच्या तेलात कलौंजी आणि सुकी मिरची, वरून पाला, हवं तर वांगं. दुपारी पहिला भात याच्याबरोबर खातात.

चौदा पणत्या तिन्हीसांजेला लावतात: उंबरठा, तुळस, जिना, नळ, न्हाणीघर, जिथे जिथे अंधार तिथे. कोऱ्या पणत्या आधी दोन-तीन तास पाण्यात भिजवा, नाहीतर माती तेल पिते आणि वात लवकर विझते. याच दिवसांत भातशेतीतले हिरवे श्यामापोका किडे उजेडावर झुंडीने येतात, तेव्हा जेवणाची भांडी झाकलेली बरी.

दिवे लागले की सियालदहहून लोकल धरून कालीपूजेच्या मंडपांसाठी नावाजलेलं बारासत गाठा. मंडपांत कालीशेजारी तिच्या सोबतिणी डाकिनी-योगिनीच्या विक्राळ मूर्ती असतात. उद्या तिथे पाय ठेवायला जागा नसते.