उघडीप कुसळाला हवी, फेसाला नको

सह्याद्रीत कुसळी गवत आणि मलबारी उडता बेडूक, दोघांचीही पुढची पिढी ओल-सुकीच्या खेळावर ठरते. हिशेब मात्र उलटे.

कुसळी म्हणजे हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. दिवाळीनंतर पिकलेलं एक कुसळ घ्या, त्याचं बी कणकेच्या गोळ्यात खोचा आणि वरच्या पिळावर पाण्याचा थेंब सोडा. पीळ सुटायला लागतो आणि कुसळाचं टोक गोल फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो, टोक उलटं फिरतं. रानात हेच काम रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन करतं. टोक आजूबाजूच्या काडीकचऱ्यात अडकलं की फिरकी बियाकडे जाते आणि बी मातीत शिरतं. बियाच्या अणकुचीदार बुडाशी उलटे ताठ केस असतात, त्यामुळे ते मागे सरकत नाही. नुसतं ओलंच राहिलं तर पीळ सुटून कुसळ तसंच पडून राहतं.

हीच रचना गुरांच्या हिरड्यांत आणि मेंढ्यांच्या कातडीत घुसते. म्हणून हे गवत फुलोऱ्यावर येण्याआधीच कापावं. कोवळं असताना चारा चांगला, कुसळ धरल्यावर नुसता ताप. (म्हणीतलं डोळ्यातलं कुसळ छोटं समजणाऱ्यांनी ते एकदा मोज्यात घालून चालावं.)

बेडूक म्हणजे रॅकोफोरस मलबारिकस. हिरवागार, बोटांमधले पडदे नारिंगी-लाल. पावसाळ्यात मादी पाण्यावर ओणवलेल्या फांदीवर स्राव सोडते, मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते आणि त्यात अंडी घालते. जमेल तिथे आजूबाजूची पानं फेसाभोवती ओढून घेते. बाहेरचा थर सुकून पापुद्रा होतो, आत ओल टिकते. पिल्लं तयार झाली की फेस पातळ होतो आणि ती थेंबाथेंबानं खालच्या पाण्यात पडतात. नेमकी तेव्हा लांब उघडीप पडली तर फेस आतपर्यंत आळतो आणि पिल्लं आतच सुकतात.

आणखी एक गोष्ट हमखास चुकते. विहिरीच्या किंवा टाकीच्या काठची झुडपं जूनमध्ये 'साफ' करतात आणि फेस टांगायला जागाच उरत नाही. पाण्यावर झुकलेल्या फांद्या तेवढ्या सोडा, छाटणी पावसाळा सरल्यावर करा. लटकलेला फेस दिसला तर हात लावू नका, पान तुटलं की अख्खा गोळा अवेळी पाण्यात पडतो.